गॉसफर्थचा क्रॉस साफ का करत नाहीत आणि त्यावरचा लोकी बघायचा कसा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला गेला होता, येताना पश्चिम कंब्रियातल्या गॉसफर्थ गावात सेंट मेरीज चर्चच्या आवारातला तो उंच दगडी क्रॉस बघितलात, मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की यावर जुन्या स्कँडिनेव्हियन, म्हणजे नॉर्स, कथांमधला लोकी आहे, राक्षसी लांडगा आहे, जगाचा अंत आहे, आणि प्रत्यक्षात एक तांबूस करडा खांब, त्यावर डाग, आणि कोरीवकाम जवळजवळ काहीच दिसलं नाही. मुलं हिरमुसली. म्हणून तुम्ही विचारलंत की हे लोक तो साफ का करत नाहीत, चर्चच्या आत का हलवत नाहीत, निदान वर छप्पर तरी का नाही, आणि ख्रिश्चन क्रॉसवर हे दुसऱ्या धर्माचे देव आले कुठून.

मी दगडाच्या जतनाचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, सुरुवात सातारा जिल्ह्यात वीरगळांवर केली आणि आता बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या कबरी, चर्चचे दगड, क्रॉसचे तुकडे यावर चाललंय. गॉसफर्थच्या क्रॉसला मी स्वतः हात लावलेला नाही, पण तिथे जाऊन तासन्‌तास उभा राहिलोय, वेगवेगळ्या ऋतूंत, त्यामुळे यावर मला खरंच मनापासून लिहायचंय.

पहिली गोष्ट, तुम्हाला दिसलं नाही यात दगडाच्या मळाचा दोष अगदी थोडा आहे. दोष उजेडाचा आहे. तुम्ही फोटो टाकलाय त्यात सावली बघून कळतंय की सकाळची वेळ होती आणि तुम्ही पूर्वेच्या बाजूसमोर उभे होता, म्हणजे ऊन सरळ दगडाच्या तोंडावर पडत होतं. असं समोरून ऊन आलं की कमी उठावाचं कोरीवकाम सपाट होऊन जातं. घरात नवीन गिलावा केलेली भिंत आठवा, दिवसा कशी गुळगुळीत वाटते, आणि रात्री भिंतीलगतचा बल्ब लावला की गवंड्याने मारलेला थापीचा प्रत्येक हात दिसतो. दगडाचंही तेच. उजेड कडेने, पृष्ठभागाला घासत गेला पाहिजे.

आता हे त्या क्रॉसला लावून बघा. पूर्वेची आणि पश्चिमेची बाजू बघायची तर सूर्य दक्षिणेला हवा, म्हणजे ऊन दोन्ही बाजूंना घासून जातं. गॉसफर्थ ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर येते, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात तेव्हा साधारण सव्वा एकला, हिवाळ्यात साधारण बारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्याच्या थोडं आधी पूर्वेची बाजू उजळते, थोडं नंतर पश्चिमेची, आणि हा जो अर्धा पाऊण तास आहे त्यात अक्षरशः दगड बोलायला लागतो. दक्षिणेची बाजू बघायची असेल तर मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा. उत्तरेची बाजू सगळ्यात अवघड, तिला ऊन फक्त उन्हाळ्यात मिळतं, जूनमध्ये तिथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून पहाटे आणि रात्री आठनंतर. मी स्वतः सगळ्यात चांगला क्रॉस बघितला तो डिसेंबरात, दुपारी साडेबाराला, सूर्य क्षितिजापासून बारा अंशांवर, हाडं गोठवणारी थंडी, आणि पश्चिमेच्या बाजूवर लोकीच्या बायकोच्या, सिगिनच्या, हातातलं भांडं स्वच्छ दिसत होतं.

दुसरं म्हणजे दुर्बीण न्या. साधी, पक्षी बघायची. कारण क्रॉस जवळजवळ साडेचार मीटर उंच आहे, नेमकं बोलायचं तर 4.4 मीटर, खाली पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्याच्यावर खांबाचा खालचा जवळजवळ अर्धा भाग गोल, आणि मग वर तो चौकोनी होतो आणि सगळ्यात वर कड्यात बसवलेला क्रॉसचा माथा. चित्रं आहेत ती या वरच्या चौकोनी भागावर, म्हणजे तुमच्या आमच्या डोक्याच्या वर. मुलं जिथे शोधत होती तिथे, खालच्या गोल भागावर, माणसं नाहीतच. पण तो भागही रिकामा नाही हं, गोल भाग जिथे संपतो तिथे एकावर एक चढवलेल्या जिभांसारखी, किंवा झाडाच्या सालीसारखी नक्षी आहे, आणि बरेच अभ्यासक म्हणतात की हा खांब म्हणजे इग्द्रासिल, नॉर्स लोकांच्या कथेतला तो विश्ववृक्ष, ज्याने सगळी जगं तोलून धरलीत. मला हे वाचन पटतं. गोल बुंधा, मग साल, आणि वर देवांच्या, राक्षसांच्या गोष्टी, एवढं सगळं योगायोगाने जुळत नाही.

आता मुलांसाठी चित्रं कुठे ते सांगतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

पश्चिमेची बाजू, चौकोनी भागाच्या अगदी खालच्या टोकाशी बघा. तिथे एक माणूस बांधून टाकलेला आहे, आणि त्याच्याजवळ एक बाई गुडघ्यावर बसल्यासारखी, लांब वेणी, हातात भांडं, आणि वर सापाचं डोकं. हा लोकी आणि त्याची बायको सिगिन. बाल्डर देवाच्या मृत्यूला लोकी कारणीभूत ठरला म्हणून देवांनी त्याला खडकाला बांधलं आणि तोंडावर एक साप टांगला, त्याचं विष थेंब थेंब पडत राहतं. सिगिन ते विष भांड्यात झेलते. भांडं भरलं की ओतायला तिला बाजूला व्हावं लागतं, तेवढ्या वेळात विष लोकीच्या तोंडावर पडतं, तो तडफडतो आणि त्याने भूकंप होतात. आपल्याकडे शेषाने फणा हलवला की धरणी हलते असं म्हणायचे ना आज्या, तसंच तिकडे हे. त्याच बाजूला वर एक घोडेस्वार आहे, चक्क उलटा, डोकं खाली, आणि त्याच्या वर हातात शिंग घेतलेला एक जण दोन आ वासलेल्या श्वापदांसमोर ठाम उभा आहे. हा बहुतेक हाइमडाल, देवांचा पहारेकरी, जो शेवटचं युद्ध सुरू होताना शिंग फुंकतो.

पूर्वेच्या बाजूला एकदम वरच्या अंगाला एक माणूस श्वापदाचा जबडा फाडतोय, एक पाय खालच्या जबड्यात रोवलाय, हात वरच्या जबड्याला. हा विदार, देवांचा राजा ओडिन याचा मुलगा. फेनरिर नावाच्या लांडग्याने ओडिनला गिळलं, त्याचा सूड विदार घेतो, तोच हा क्षण. आणि त्याच बाजूला खाली, चौकटीत, हात पसरलेला येशू. त्याच्या खाली भाला घेतलेला एक सैनिक, परंपरेत त्याला लाँगिनस म्हणतात, आणि समोर एक बाई, तिचे केस मागे बांधलेले, पायघोळ झगा मागे लोळतोय. गंमत अशी की ही बाई बायबलमधली वाटण्यापेक्षा स्कँडिनेव्हियात सापडलेल्या चांदीच्या छोट्या मूर्तींमधल्या बायकांसारखी दिसते, तोच केसांचा अंबाडा, तोच पदर. ज्याने हे कोरलं त्याला येशूच्या पायाशी रडणारी बाई दाखवायची होती आणि त्याच्या डोळ्यासमोर जी बाई आली ती त्याच्या गावातली होती.

येशूच्या मागे क्रॉस कोरलेलाच नाही हे पण बघा. मला तरी वाटतं गरज नव्हती म्हणून, कारण तो ज्या दगडावर आहे तोच क्रॉस.

आता हे दोन्ही एकत्र कसं काय आलं. दहाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग, साधारण तेव्हा हा उभा राहिला. 902 मध्ये डब्लिनमधून नॉर्स लोकांना हाकललं गेलं, आयर्लंड आणि आइल ऑफ मॅनच्या बाजूने त्यांतले बरेच आयरिश समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर येऊन वसले, आणि आजही तिथल्या डोंगरांना फेल म्हणतात, ओढ्याला बेक म्हणतात, गावांच्या नावांना थ्वेट लागतं, हे सगळे त्यांचेच शब्द. हे लोक इथे आले आणि हळूहळू ख्रिश्चन झाले, पण धर्म बदलला म्हणून आजीच्या गोष्टी एका रात्रीत पुसल्या जात नाहीत. डेन्मार्कमध्ये दहाव्या शतकातला मऊ दगडाचा एक साचा मिळालाय ज्यात एकाच वेळी क्रॉसही ओतता येतात आणि थॉर या नॉर्स देवाचा हातोडाही, म्हणजे सोनाराला दोन्ही गिऱ्हाईकं होती. आइल ऑफ मॅनवर कर्क अँड्रियासला एक तुटका दगड आहे, त्याच्या एका बाजूला लांडगा ओडिनला खातोय आणि दुसऱ्या बाजूला क्रॉस घेतलेला माणूस. गॉसफर्थला मात्र हा विचार पूर्ण मांडलाय. जुन्या देवांचं जग संपतंय, रॅग्नारोक, आणि त्याच खांबावर नव्या देवाचं मरण आणि त्यातून येणारं नवं जग. काही जण म्हणतात ही जुन्या धर्मावर मात दाखवलीय, काही म्हणतात दोन्हीला सारखाच मान आहे. मला इतकंच दिसतं की ज्याने हे योजलं त्याला दोन्ही कथा आतून माहीत होत्या आणि त्याला त्यांतली कुठलीच हास्यास्पद वाटत नव्हती.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि साफसफाईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. या नॉर्स कथा आज आपण ज्या रूपात वाचतो त्या मुख्यतः आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने साधारण 1220 च्या सुमाराला लिहिल्या, आणि जुन्या कवितांची मोठी हस्तलिखित वही तर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे लोकी, सिगिन, सापाचं भांडं, लांडग्याच्या जबड्यातला पाय, हे सगळं गॉसफर्थच्या दगडावर स्नोरीच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं कोरलेलं आहे. स्नोरी स्वतः ख्रिश्चन होता, त्याने किती आपल्या मनचं घातलं असा वाद कायम चालतो, आणि त्या वादात हा दगड साक्षीदार आहे, लिहिल्याच्या आधीचा साक्षीदार. त्याचा पुरावा कशात आहे? तर दगडाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये. उठाव तेवढाच आहे. बाकीचा साडेचार मीटरचा खांब नुसता आधार आहे. एक मिलिमीटर गेला की सिगिनच्या भांड्याची कड गेली, आणि ती परत आणायला जगात दुसरी प्रत नाही.

म्हणून साफ करत नाहीत.

तुम्ही म्हणाल पण आधी केलंय की, आणि बरोबर आहे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम स्लेटर कॅल्व्हर्ली नावाचे धर्मगुरू आणि गावातले डॉक्टर चार्ल्स अरंडेल पार्कर यांनी या क्रॉसवरचा दगडफुलाचा थर काढला, आणि तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की हे नॉर्स पुराणातले प्रसंग आहेत. त्याआधी कित्येक पिढ्या लोक त्याच्या शेजारून प्रार्थनेला जात होते. हे दोघं नसते तर आज आपण याबद्दल बोलतच नसतो, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्याकडे दुसरा मार्गही नव्हता. पण एकदा केलेलं चाललं म्हणून दर वीस वर्षांनी करायचं हे गणित दगडात चालत नाही, प्रत्येक वेळी थोडी त्वचा जाते. आणि त्या दोघांच्या काळातच एक शहाणपणाचं काम झालं, 1882 मध्ये क्रॉसचा प्लास्टरचा साचा घेतला गेला, तो लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमच्या संग्रहात आहे. म्हणजे 1882 साली दगड कसा होता त्याची जवळजवळ फोटोकॉपी आपल्याकडे आहे. शिवाय कॅल्व्हर्लींनी 1887 मध्ये आपल्या ॲस्पाट्रिया गावच्या चर्चच्या आवारात पूर्ण मापाची दगडी प्रतिकृतीही उभारली, गॉसफर्थहून उत्तरेला गाडीने तासाभरावर. मुलांना चित्रं नीट दाखवायची असतील तर खरंच आधी ॲस्पाट्रियाला न्या, तिथे ओळख झाली की गॉसफर्थला डोळ्यांना आपोआप सापडतात.

आता दगडाकडे येतो, हा माझा विषय आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिणार.

क्रॉस तांबड्या वालुकाश्माचा आहे. वालुकाश्म म्हणजे काय, तर वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा नैसर्गिक डिंक. हा डिंक कधी सिलिकाचा असतो, कधी लोहाचा, कधी चिकणमातीचा, आणि तांबडा रंग येतो तो लोहाचा. कणांच्या मधे पोकळ्या असतात आणि त्यांतून पाणी आत जातं, बाहेर येतं, दगड श्वास घेतो म्हणा हवं तर. आता गॉसफर्थ समुद्रापासून काही किलोमीटरवर, पावसाचा प्रदेश, वाऱ्यातून मीठ येतं. मीठ पाण्याबरोबर आत जातं, पाणी वाळलं की आत स्फटिक होतात, ते फुगतात आणि कणांना ढकलतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो ना, पांढरी पावडर आणि मग भुगा, तीच गोष्ट. हिवाळ्यात त्याच पोकळ्यांतल्या पाण्याचं बर्फ होतं आणि पाण्याचं बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के वाढतं. असं वर्षानुवर्षं झालं की वरचा एक थर आतल्या दगडापासून सुटतो, बाहेरून अगदी धडधाकट दिसतो, कोरीवकाम शाबूत, पण बोटाने हलकी टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. आत हवा आहे. अशा पोपड्यावर तुम्ही ब्रश फिरवलात, फक्त साधा ब्रश, तरी तो पोपडा कोरीवकामासकट हातात येतो. हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि तो आवाज मी विसरत नाही.

प्रेशर वॉशरबद्दल तर बोलायलाच नको पण बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी तेच सुचवलंय. एका गावात, नाव सांगत नाही, चर्चच्या आवारातल्या अठराव्या शतकातल्या तांबड्या दगडाच्या कबरी काही उत्साही लोकांनी एका शनिवारी प्रेशर वॉशरने धुतल्या. मनात काही वाईट नव्हतं, गावाचा समारंभ होता, सगळं छान दिसावं एवढंच. मला दीड वर्षाने नोंदी करायला बोलावलं. धुतलेल्या दिवशी त्या कबरी खरंच सुंदर दिसत होत्या, फोटो होते त्यांच्याकडे, लालबुंद. पण त्या झोताने दगडाची बाहेरची घट्ट झालेली साल उडवली होती, आतला मऊ भाग उघडा पडला, दोन हिवाळे गेले आणि अक्षरं भुग्यासारखी खाली पडलेली होती, गवतात तांबडी वाळू. एका लहान मुलाची कबर होती, नाव जुन्या नोंदवहीत होतं म्हणून कळलं, दगडावर फक्त शेवटची दोन अक्षरं उरली होती.

ब्लीच, ॲसिड, तारेचा ब्रश, सगळं त्याच रांगेत. वरून पाणी आत जाऊ नये म्हणून सिलिकॉनचा लेप मारा असंही एकाने लिहिलंय. तोही नको. लेपाने बाहेरचं पाणी अडतं पण जमिनीतून वर चढणारी ओल अडत नाही, ती लेपाच्या मागे साचते आणि मीठ तिथेच गोळा होतं, मग लेपासकट अख्खी साल सुटते. सिमेंटचंही तसंच, एकोणिसाव्या विसाव्या शतकात भेगा सिमेंटने भरायची पद्धत होती, सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद, त्यामुळे पाणी बाहेर पडायला सिमेंट सोडून दगडाचा रस्ता धरतं आणि सिमेंटच्या कडेचा दगड आधी झिजतो. आज भरायचं झालंच तर चुन्याचं मिश्रण वापरतात, दगडापेक्षा मऊ, म्हणजे झिजायचं तर ते झिजेल, दगड नाही.

राहता राहिलं दगडफूल. ते जे करडे, पिवळे, पांढरे डाग तुम्हाला घाण वाटले ते दगडफूल, आपण गोडा मसाल्यात टाकतो त्याच्याच खानदानातलं. बुरशी आणि शेवाळ मिळून एकत्र राहणारा हा जीव, काही प्रकार वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, म्हणजे मोठ्या नाण्याएवढा डाग तुमच्यामाझ्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. ब्रिटनमध्ये दगडफुलाचे दोन हजारांच्या आसपास प्रकार आहेत आणि त्यातले सातशेहून जास्त चर्चच्या आवारांत सापडलेत, काही भागांत तर जुना उघडा दगड दुसरीकडे कुठे नाहीच. मग ते दगडाला अपाय करतं का? करतं, थोडा. चिकटून वाढणाऱ्या प्रकारांचे धागे कणांच्या मधे शिरतात आणि ते जी आम्लं सोडतात त्याने डिंक सैल होतो. पण तेच धागे सैल झालेले कण धरूनही ठेवतात, आणि पावसाच्या थेटच्या माऱ्यापासून थोडं झाकतात. तुम्ही ते खरवडलंत तर धाग्यांबरोबर कण येणार. त्यामुळे जुन्या, झिजलेल्या वालुकाश्मावर माझं मत पक्कं आहे, राहू दे. हिरवं ओलं शेवाळ वेगळं, ते बहुतेक वेळा वरची झाडाची फांदी कापली, ऊन वारा लागला, की आपोआप कमी होतं, दगडाला हातही लावावा लागत नाही.

इथे थोडं विषयांतर. साताऱ्याकडे मी वीरगळांवर काम करायचो तेव्हा गावोगाव ऑइल पेंट फासलेले वीरगळ बघितले, चांदी रंग, लाल, निळा, वीराला पिवळं धोतर. चिडायचो आधी. मग एका म्हाताऱ्या मामांनी सांगितलं की आम्ही दरवर्षी रंगवतो कारण तो आमचा माणूस आहे. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण आपला बेसाल्ट घट्ट असतो, फार पाणी पीत नाही, तो असले लाड सोसतो, तरी रंगाखाली शस्त्रांची, दागिन्यांची बारीक कोर बुजतेच. वालुकाश्म हे सोसत नाही. आणि हो, व्हायकिंग काळातल्या काही शिल्पांवरही मूळ रंगाचे अवशेष मिळालेत, त्यामुळे हे क्रॉस उभारले तेव्हा रंगीत असण्याची शक्यता बरीच आहे. असले कण कुठे भेगेत उरले असतील तर घासण्यात सगळ्यात आधी तेच जाणार.

मग आत का नेत नाहीत. हा प्रश्न खरा आहे आणि यावर आमच्यातही एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीसशायरला रथवेलचा क्रॉस आहे, गॉसफर्थपेक्षा दोनेकशे वर्षं जुना, तो सतराव्या शतकात मूर्तिपूजा नको म्हणून फोडला होता, पुढे हेन्री डंकन या धर्मगुरूने तुकडे गोळा करून 1823 मध्ये आपल्या बागेत उभा केला आणि डंकनच्या मृत्यूनंतर, 1887 मध्ये, क्रॉससाठी चर्चला मुद्दाम वाढीव भाग बांधून तो आत नेला गेला. आज तो कोरडा आहे, सुरक्षित आहे. आयर्लंडमध्ये क्लोनमॅक्नॉइसचे मोठे क्रॉस 1990 च्या दशकात आत नेले आणि बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या. स्कॉटलंडमध्येच फॉरेसला स्वेनोज स्टोन नावाचा उंच दगड काचेच्या पेटीत बंद आहे, म्हणजे तुमचं छप्पर तिथे झालेलंच आहे, फक्त काचेत प्रतिबिंबं येतात आणि फोटो निघत नाहीत. उलट कंब्रियातच बिवकॅसलचा क्रॉस, माथा नसलेला, सातव्या आठव्या शतकातला, अजून उघड्यावर त्याच्या मूळ खोबणीत उभा आहे.

माझं मत विचाराल तर गॉसफर्थचा आज तरी हलवू नये. अकराशे वर्षं एका जागी उभा असलेला, इतका सडपातळ खांब उचलताना जो ताण येतो त्याने आतली न दिसणारी भेग उघडी पडू शकते, आणि ती जोखीम झिजेपेक्षा मोठी आहे. पण याला अट आहे. दर काही वर्षांनी त्याचं मोजमाप झालं पाहिजे. आज फोटोग्रामेट्रीने, म्हणजे शेकडो फोटो जोडून, मिलिमीटरच्या अंशापर्यंतचं त्रिमिती मॉडेल होतं, आणि दुसरं तंत्र असं की कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून दिवा चाळीस पन्नास जागांवरून फिरवायचा आणि कॉम्प्युटरवर मग हवा तिकडून उजेड टाकून बघायचा. डिसेंबरची दुपार घरबसल्या. दोन मोजमापांची तुलना केली की कुठे किती गेलं ते आकड्यात कळतं, आणि ज्या दिवशी ते आकडे घाबरवणारे असतील त्या दिवशी मी स्वतः म्हणेन की आत न्या. 1882 चा साचा या तुलनेची पहिली पायरी आहे.

आणि कुणी उत्साहाने काही करायला जाऊ नये म्हणून सांगतो, हे असं मनाला आलं म्हणून करता येतच नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारातल्या असल्या कामाला डायोसीसची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाची, परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात, त्याआधी डायोसीसची सल्लागार समिती बघते. आणि दगड शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे कायद्याने संरक्षित स्मारक, असेल तर 1979 च्या कायद्याने सरकारची वेगळी संमती लागते, विनापरवानगी हात लावणं हा गुन्हा आहे. तुमच्या स्वतःच्या गावच्या चर्चमध्ये असा जुना दगड असेल आणि चर्चची कमिटी साफसफाई ठरवत असेल तर आधी त्यांना डायोसीसला फोन करायला सांगा, बहुतेकदा लोकांना माहीतच नसतं.

तुमच्या धाकट्याने खांबाला हात लावला आणि तुम्ही त्याला रागावलात असं लिहिलंय. नका रागावू. एका हाताने काही होत नाही. हजारो हात त्याच जागी लागले तर घाम आणि तेलकटपणा साचतो, चौथऱ्यावर चढून खांबाला रेलून फोटो काढणं मात्र खरंच टाळा.

एक शेवटचं, तुम्ही चर्चच्या आत गेला नाहीत असं वाटतंय, कारण तुम्ही आतल्या दगडांबद्दल काहीच लिहिलं नाही. आत भिंतीत एक दगड बसवलाय, त्यावर थॉर आणि हिमिर राक्षस होडीत बसलेत, गळाला बैलाचं डोकं लावलंय आणि खाली समुद्रातला तो जगाला वेढणारा साप. तो आत आहे त्यामुळे ऊन पावसाची भानगड नाही, मोबाईलचा टॉर्च कडेने धरा आणि मुलांना थॉर लगेच दिसेल. त्याशिवाय छपराच्या आकाराचे दोन थडग्यांचे दगड आहेत, त्यांना हॉगबॅक म्हणतात, 1896 मध्ये चर्चच्या कामात भिंतीच्या पायात सापडलेले, एकावर समोरासमोर उभं ठाकलेलं सैन्य आहे. ही थडग्यांची पद्धत उत्तर ब्रिटनमध्ये वसलेल्या नॉर्स लोकांनी इथेच काढली, त्यांच्या मूळ देशात ती नाही. बाहेर आवारात आणखी एका क्रॉसचा बुंधाही होता जो अठराव्या शतकात कापून त्याचं सूर्यघड्याळ केलं. म्हणजे एकेकाळी तिथे एकाहून जास्त क्रॉस उभे होते. आवारात एक कॉर्कचं झाडही आहे, 1833 मध्ये लावलेलं, इतक्या उत्तरेला युरोपात दुसरं नाही म्हणतात, मुलांना त्याची साल हातात घेऊन बघायला आवडेल, तिला बिनधास्त हात लावू द्या.

शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा कोरडा दिवस बघा, साडेअकराला पोचा, आधी पूर्वेची बाजू, मग आत जाऊन थॉर, आणि साडेबाराला बाहेर येऊन पश्चिमेला उभे राहा. चौकोनी भागाचा खालचा कोपरा. आधी वेणी दिसेल, मग भांडं.